डावा गुडघा

मंगळवारी सकाळी जर्सी धुऊन झाल्या तेव्हा बाहेर झिमझिम होती, म्हणून बाबांनी त्या गोठ्यात वाळत घातल्या. चौदा जर्सी. पांढऱ्या, छातीवरून तिरपा निळा पट्टा. दोरीवर घातल्या तर चिमट्यांनी खांदे ताणले जातात असं त्यांचं म्हणणं, त्यामुळे दर डिसेंबरात त्या ट्रॅक्टरच्या कमानीवर वाळायच्या. ही कमान म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा चिरडला जाऊ नये म्हणून सीटच्या मागे बसवलेली लोखंडी चौकट. आमच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आहे आणि कमान त्याला अडकते. ट्रॅक्टर घेतला त्याच आठवड्यात बाबांनी चार बोल्ट काढून ती खाली उतरवली आणि गोठ्याच्या भिंतीला उभी केली. आमच्या गावात सगळ्यांच्याच कमानी अशा कुठे ना कुठे उभ्या आहेत. शेजारच्या सेकुंदिनोकाकांच्या कमानीवर कोंबड्या बसतात. जर्सींवर गंजाचा डाग पडू नये म्हणून आमच्या कमानीला जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

"दोरिंदा, बघ गं, सात नंबरच्या काखेतला डाग गेला," बाबा म्हणाले. ते तीन पायांच्या स्टुलावर उभे होते.

आई गायीच्या आचळांना यंत्राचे कप लावत होती. तिने मान वर केली. "गेला? नऊ वर्षं हाच डाग जातोय."

"हा नवा होता."

"त्या पोरींना म्हणावं, खेळायच्या आधी काखा धुवा."

बाबा हसले. ते पाच फूट दोन इंच होते आणि आई पाच फूट दहा. एलादिओला बायकोचा मुका घ्यायचा तर दूध काढायचं स्टूल लागतं, असं गावात त्यांच्या लग्नापासून म्हणत. मी आईवर गेले आणि तिच्याही वर गेले. सहा फूट एक.

सेकुंदिनोकाका रोजच्यासारखे येऊन दाराला टेकले. डोक्यावर काळी चपटी टोपी. ही टोपी ते झोपतानाही काढत नाहीत असं एर्मितासकाकू सांगायची.

"झाली का धुणी? कधी आहे मॅच?"

"सत्तावीसला. पोर्तुगालच्या पोरी येतायत."

"आणि जिंकलात तर काय मिळतं?"

"काही नाही."

"हरलात तर?"

"काही नाही. मैत्रीची मॅच असते ती."

"मग माझ्या आणि एर्मितासच्या भांडणासारखंच झालं की. तीस वर्षं खेळतोय, कप कुणालाच नाही."

हा विनोद ते दर डिसेंबरात करत आणि बाबा दर डिसेंबरात त्याला उत्तर देत. "संघ आपला गलिसियाचा आहे, पण गलिसिया हा काही देश नाही, स्पेनचा एक प्रांत. म्हणून स्पर्धेत घेत नाहीत. वर्षातून एकदा नाताळात खेळायचं."

"एकदाच?"

"बाळ येशू तरी वर्षातून कितीदा जन्मतो?"

काका टोपीला हात लावून हसले आणि गेले. माझ्या आठवणीत त्या दिवशी याहून वेगळं काही घडलं नाही. मी पुष्कळ वाचते. पुस्तकांत मरणाच्या आदल्या दिवशी काहीतरी होतं, कुत्रं रडतं नाहीतर आरसा फुटतो. आमच्याकडे तर म्हणतात की कुणी जायचं असलं की रानाच्या वाटेवर मेलेल्यांची मेणबत्त्या घेतलेली रांग दिसते. कुणाला काही दिसलं नव्हतं. बावीस गाई होत्या, बाविसांनी दूध दिलं.

शेवटच्या गाईची जागा उताराकडे आहे. तिथे यंत्र पोचत नाही, गुडघ्यावर बसून हाताने काढावं लागतं. बाबांनी नेहमीप्रमाणे पोत्याची चौपदरी घडी करून तिथे ठेवली होती.

"डावा टेक त्यावर," ते म्हणाले. "थंडीत जास्त धरतो ना?"

"हं," मी म्हणाले.

माझ्या डाव्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. कधीच झालं नव्हतं.

हे आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

अकराव्या वर्षी मी बास्केटबॉल खेळू लागले तेव्हा बाबा मला दुधाच्या व्हॅनमधून शहरात सरावाला नेत. दोन तास बाहेर थंडीत बसण्यापेक्षा ते आत येऊन चेंडू गोळा करून देत. मग पाण्याच्या बाटल्या भरून देऊ लागले, मग फरशी पुसू लागले. एका नाताळात गलिसियाच्या संघाचे कपडे धुवायला कुणी नव्हतं. या संघाला ना मैदान, ना कचेरी, ना कपाट. बाबा म्हणाले, आमच्याकडे धुण्याचं यंत्र आहे. तेव्हापासून वर्षाचे एकावन्न आठवडे त्या जर्सी आमच्या माळ्यावरच्या पेटीत तमालपत्रं घालून ठेवलेल्या असत आणि बाविसाव्या आठवड्यात काय किंवा चाळिसाव्या काय, बाबा मधूनच पेटी उघडून बघत.

मी एकवीस वर्षांची असताना ती मॅच बघायला गेले. शहरातल्या क्लबकडून खेळत होते मी, आणि क्लबातल्या दोन मुली माझ्या शेजारी बसल्या होत्या. मध्येच खेळ थांबला आणि बाबा फडकं घेऊन धावत आत आले. कुणीतरी पडली होती तिथला घाम ते गुडघ्यांवर बसून पुसू लागले. भोवती सहा-सहा फुटांच्या मुली, आणि मध्ये ते, घासून घासून काळे केलेले गमबूट घातलेले. त्यांच्याकडे दुसरे बरे बूट होते. ओल्या फरशीवर गमबूट सरकत नाहीत म्हणून ते घालून आले होते.

"जर्सींना गोठ्याचा वास येतो म्हणे," माझ्या शेजारची म्हणाली. "त्या बुटक्याच्या घरी गाई आहेत."

दुसरी हसली. मीही हसले.

पुढच्या वर्षी संघाचा मला फोन आला. निवड झाली होती, अकरा नंबर. मला डोळ्यांसमोर ती फरशी दिसली, आणि माझ्या पायांशी बसलेले बाबा. मी म्हणाले, "माझा डावा गुडघा दुखावलाय. येता येणार नाही." मैत्रीची मॅच, तिचं काय एवढं, असं वाटलं. बाबांना यादी आधीच कळली होती. आई सांगते, माझी बातमी आली तेव्हा ते अकरा नंबरला इस्त्री करत होते. इस्त्री बंद करून त्यांनी व्हॅन काढली आणि दोन तासांत माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, हातात हंसाच्या चरबीत औषधी पाला कालवलेली बरणी घेऊन. गुडघा चोळताना त्यांनी विचारलं, "इथे दुखतं, की इथे?" मी एक जागा दाखवली.

पुढच्या वर्षी तो क्लब बंद पडला. मी घरी आले, आणि सगळ्यांनी दोन गोष्टी जोडल्या. पोरीचा गुडघा गेला. बाबांनी गोठ्याच्या पायऱ्या फोडून उतार केला. जड कॅन मला उचलू दिले नाहीत. सात वर्षं दर थंडीत ती बरणी. मी रोज उद्या सांगू म्हणायचे. नंतर तेही म्हणेनाशी झाले.

त्या मंगळवारी संध्याकाळी बाबांची कंबर धरली होती. जेवताना ते एका बाजूला झुकून सूप पीत होते.

"उद्या गाईंना सलगम आणावे लागतील," आई म्हणाली. "गोठ्यात एक पाटीही नाही."

"जाईन ना."

"मी जाते," मी म्हणाले. "तुमची कंबर बघा."

"आणि क्लच? तो दाबायला खेचराचा पाय लागतो. डाव्या पायाचं काम आहे. एका खेपेत तुझा गुडघा जाईल."

"नाही जाणार."

"डॉक्टर झालीस का?"

आई म्हणाली, "जाऊ दे तिला, एलादिओ. सावकाश चालवेल."

"नाही म्हटलं ना. वरच्या शेताचा चढ आहे, सारखा क्लच दाबावा लागतो. जेवढा गेला तेवढा गेला, राहिलेला तरी सांभाळू." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू उद्या जर्सी उलट्या कर. खालची बाजू वर. दहा वाजता. विसरू नकोस."

वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी चमचाभर सूप घेतलं आणि त्याबरोबर ते गिळलं. कोबी जरा जास्त शिजली होती.

बुधवारी धुकं होतं. बाबा साडेनऊला मागे ट्रेलर जोडून मांडवाखालून गेले. कमान नसल्यामुळे द्राक्षाची एक काडीसुद्धा हलली नाही. दहा वाजता मी जर्सी उलट्या करायला घेतल्या. नऊ नंबरपर्यंत आले असताना सेकुंदिनोकाका दारात उभे राहिले. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. त्यांना टक्कल होतं, अगदी पांढरं, आणि ते मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. त्या डोक्याकडे बघूनच मला कळलं.

"ओलाया," ते म्हणाले, "आईला बोलव." मग म्हणाले, "नको, नको बोलवूस. तू चल." मग म्हणाले, "दोर आहे का तुमच्याकडे? साखळी?"

वरचं शेत चेस्टनटच्या झाडांखाली ओढ्याकडे उतरत जातं. ट्रॅक्टर पाठीवर पडला होता, चाकं आभाळाकडे. ट्रेलर कुशीवर. सलगम उतारावरून घरंगळत ओढ्यापर्यंत गेले होते आणि पाण्यात पांढरे दिसत होते. बाबा कमरेपासून खाली ट्रॅक्टरखाली होते. तोंड एका बाजूला. सलगमांकडे बघत असल्यासारखे. कानात चिखल गेला होता.

गावातले सात पुरुष जमले. काकांच्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढायला लागले, पण उताराच्या चिखलात तो जागीच फिरत होता. मी मागच्या मोठ्या चाकाला पाठ लावली, पाय झाडाच्या मुळात रोवले आणि दोन्ही गुडघे वाकवून रेटलं.

"ओलाया, गुडघा!" कुणीतरी ओरडलं.

तेव्हासुद्धा.

ट्रॅक्टर वीतभर उचलला गेला. त्यांनी बाबांना बाहेर ओढलं. एक गमबूट खालीच राहिला.

आई कधी आली मला कळलं नाही. ती चिखलात बसली होती आणि ॲप्रनच्या टोकाने त्यांचा कान पुसत होती, आतपर्यंत, लहान मुलाचा पुसावा तसा. पुसून झाल्यावर ती सेकुंदिनोकाकांना म्हणाली, "चुलीवर जेवण आहे. उतरवायला हवं."

"एर्मितास गेलीय, दोरिंदा. उतरवेल ती."

"मीठ घालायचं राहिलंय म्हणावं."

दुपारी दोन पोलीस आले. एक म्हातारा, एक तरुण. तरुणाकडे वही होती. आमच्या स्वयंपाकघरात तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि त्याचे बूट चिखलाने भरले होते. त्याने आईची दोनदा माफी मागितली, फरशी खराब केली म्हणून.

"ट्रॅक्टरला कमान नव्हती," तो म्हणाला.

"आहे की," आई म्हणाली.

"ट्रॅक्टरवर नव्हती, बाई."

"गोठ्यात आहे."

"गोठ्यात का?"

"तिच्यावर कपडे वाळतायत."

त्याने लिहायला घेतलेलं पेन थांबलं. त्याने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा खिडकीबाहेर, मांडवाकडे बघत होता. त्याच्याही घरी मांडव असणार. मग तरुणाने खाली मान घालून ते लिहून घेतलं.

"वाळले असतील आता," आई मला म्हणाली. "बघून ये."

मी गेले. वाळले होते. नऊच्या पुढच्या पाच उलट्या करायच्या राहिल्या होत्या, त्याही वाळल्या होत्या. मी जर्सी एकेक करून काढल्या आणि घड्या घातल्या. चादरीच्या पट्ट्या गुंडाळलेलं ते लोखंड भिंतीला उभं राहिलं. मी त्याला हात लावून बघितला. मजबूत होतं. इतकं मजबूत असेल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी गाई ओरडायला लागल्या. त्यांना वेळ कळते. घरात बायका जमल्या होत्या, कुणी कुणी म्हणालं, आम्ही काढतो दूध. आई म्हणाली, "परक्या हाताला लाथा मारतात," आणि काळे कपडे न घालताच, आहे त्यात गोठ्यात गेली. मी मागून गेले. शेवटच्या गाईच्या जागेवर पोतं होतं, चौपदरी घडी. बाबांनी बुधवारी सकाळी जाण्याआधी ठेवलं होतं. मी त्याच्यावरच डावा गुडघा टेकला. दुसरीकडे टेकवेना. दुधाचा टँकर नेहमीच्या वेळेला आला. ड्रायव्हरने नळी जोडली आणि दूध खेचलं जाईपर्यंत उघड्या डोक्याने पावसात उभा राहिला.

गुरुवारी दिवसभर चर्चची घंटा मधून मधून वाजत होती. पुरुषासाठी तीन ठोके, थांबून पुन्हा तीन. बाबा पुढच्या खोलीत होते. पेटीवाल्याने नेहमीच्या मापाची पेटी आणली होती आणि बाबांच्या पायांकडे हातभर जागा रिकामी राहिली.

"एवढ्यात सलगमची एक पाटी मावेल," सेकुंदिनोकाका म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. एर्मितासकाकूने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

आई पायांकडची जागा बघत होती. "नेताना हलतील ते," ती म्हणाली. "चढ आहे." मग माळ्यावर जाऊन संघाचे टॉवेल घेऊन आली. मॅचमध्ये खेळाडूंना द्यायला बाबांनी घड्या घालून ठेवलेले बारा पांढरे टॉवेल. तिने ते एकावर एक पायांशी रचले, दाबून घट्ट केले, आणि एकदा त्यांचे पाय हलवून बघितले. हलले नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. संघाची कप्तान उशिया होती. ती आणि मी शहरात एका क्लबात होतो. गॅलरीत माझ्या शेजारी बसून हसलेली दुसरी मुलगी ती.

"आत्ताच कळलं गं," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "आम्ही सगळ्या सरावात होतो. कुणी चेंडूला हात लावत नाहीये. मॅच रद्द करतोय."

मी आईला सांगितलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"रद्द कशाला?" ती म्हणाली. "जर्सी धुतल्यात."

मग उशिया काहीतरी म्हणाली असणार, कारण आई म्हणाली, "या. सगळ्या या. जेवून जा."

रात्रीच्या जेवणाआधी पुरुष स्वयंपाकघरात बसून खांदे ठरवू लागले. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक खांदा असतो. मेलेल्या माणसाच्या घराचा पहिला. घरांना नावं आहेत, माणसांना त्यांच्यावरून ओळखतात. आम्ही पुलाकडचे.

"पुलाकडच्यांचा खांदा कोण?" सेकुंदिनोकाकांनी विचारलं. ते आता टोपी घालत नव्हते.

"मी," मी म्हणाले.

एर्मितासकाकूने ब्रेड कापायचा थांबवला. "बाई कधी खांदा देते का?"

"बाईचं सोड," काका म्हणाले. "जग बदललंय. पण हिचा गुडघा? चर्चपर्यंत सगळा चढ आहे. माझ्या पुतण्याला उभा करतो तुमच्याकडून."

"मी देईन," मी पुन्हा म्हणाले.

आई चुलीशी पाठ करून उभी होती. ती वळली नाही. "सात वर्षं सांभाळला त्याने तो गुडघा," ती म्हणाली. "आता त्याच्याच खाली मोडायचाय का तुला?"

स्वयंपाकघरात आठ-दहा माणसं होती. सगळी माझ्या पायाकडे बघत होती, आणि बघण्यात फक्त माया होती. एर्मितासकाकूने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मी बसले. त्या खुर्चीवर बसण्याइतकं अवघड काम मी त्या आठवड्यात दुसरं केलं नाही, ट्रॅक्टर उचलण्याचंसुद्धा नाही.

शुक्रवारी अकराला बस आली. बारा मुली निळ्या ट्रॅकसूटमध्ये उतरल्या आणि मांडवाखालून येताना एकामागून एक वाकल्या. गावातली माणसं बघत राहिली. बाबा त्या मांडवाखालून ताठ मानेने जात, तरी त्यांचं डोकं वेलीला लागत नसे. मुली आत पेटीपाशी जाऊन आल्या. टॉवेल त्यांनी ओळखले. सगळ्यात लहान, अठरा वर्षांची, बाहेर अंगणात येऊन कोठाराच्या दगडी खांबाला धरून उभी राहिली.

उशिया आईसमोर आली. "काकू, आम्हाला खांदा द्यायचाय."

आईने सेकुंदिनोकाकांकडे बघितलं. काकांनी बाकीच्यांकडे.

"वाटेतल्या दगडी क्रुसाशी खांदे बदलतात," काका शेवटी म्हणाले. "तिथून एक बाजू तुमची, दुसरी वरच्या आळीची. वरच्या आळीचा मान आहे तो, घेता येणार नाही."

"चालेल."

उशिया माझ्याजवळ आली. मला मिठी मारताना तिने हळूच विचारलं, "गुडघा कसा आहे?"

मी तिची मिठी सोडवली आणि आईकडे गेले.

क्रुसापर्यंत गावाने नेलं. पाऊस भुरभुरत होता. पाद्री पुढे, मग पेटी, मग आई आणि मी, मग सगळे. क्रुसाशी थांबलो. वरच्या आळीचे तिघे डाव्या बाजूला गेले, तिघेही साठीचे, तिघेही बाबांच्या उंचीचे. उजवीकडे उशिया, मध्ये एक, मागे ती अठरा वर्षांची. खांद्यावर घेतली, आणि पेटी डावीकडे कलली. जोरात. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. सगळा भार तीन म्हाताऱ्यांवर गेला, आणि त्यातला एक "आई गं" म्हणून गुडघ्यात गेला.

कुणीतरी किंचाळलं. आईने दोन्ही हात पुढे केले, पेटी पडली तर झेलण्यासाठी असावेत तसे.

"खाली ठेवा," पाद्री म्हणाला.

"क्रूस आणि चर्चच्या मध्ये खाली ठेवत नाहीत!" मागून दोन-तीन आवाज आले. आणि ते खरं होतं. कधीच ठेवत नाहीत.

मग उशियाचा आवाज आला, फार मोठा नाही. "बसा गं खाली. बचावाला."

तिघींनी पाठ ताठ ठेवली आणि गुडघे वाकवले, समोरची बाई चेंडू घेऊन येतेय आणि तिला अडवायचंय, तसे. खाली, अजून खाली. पेटी सरळ झाली. दर मॅचला बाबा कडेला उभे राहून हेच पुटपुटत असत, खाली, अजून खाली, आणि त्यांना हे कुणी विचारलेलं नसे. मी गॅलरीतून त्यांचे ओठ हलताना बघितले होते.

त्या तशाच चालू लागल्या. अर्ध्या बसलेल्या, ओल्या दगडांवर, चढावर. त्या पवित्र्यात तीन मिनिटं राहिलं तरी मांड्या पेटतात. मला ठाऊक आहे. चर्च पंधरा मिनिटांवर होतं. बुटांचा आवाज येत होता आणि वर चर्चची घंटा, तीन ठोके आणि तीन. दुसऱ्या वळणाशी मागच्या मुलीचा पाय थरथरू लागला. आधी पोटरी, मग पूर्ण पाय. तिने ओठ चावला होता. तिच्या ट्रॅकसूटच्या गुडघ्यावर कापड ताणून पांढरं पडलं होतं. मग तिचा बूट एका दगडावरून सरकला आणि पेटीचा तो कोपरा हातभर खाली आला.

मी छत्री एर्मितासकाकूच्या हातात दिली. दोन पावलांत पुढे जाऊन त्या मुलीला कमरेने बाजूला केलं आणि तिच्या जागी खांदा लावला. लाकूड कानाला टेकलं. थंड होतं. फारसं जड नव्हतं. मी गुडघे वाकवले, उजवा आणि डावा, पेटी पाण्यासारखी समतोल होईपर्यंत.

"ओलाया!" मागून आई म्हणाली. "बाहेर ये."

मी चालत राहिले.

"ओलाया, तुझा गुडघा! किती वाकवलायस तो! अगं मोडेल, बाहेर ये!" तिने माझ्या कोटाची मागची बाजू धरली आणि ओढली. बुधवारपासून तिचा आवाज पहिल्यांदा फुटला होता. "तो असता तर त्याने तुला हे करू दिलं असतं का?"

मला मान वळवता येत नव्हती. समोर मधल्या मुलीची ओली पाठ होती आणि कानाशी लाकूड.

"आई, माझा गुडघा कधी दुखलाच नव्हता," मी म्हणाले.

नेमके तेव्हाच तीन ठोके पडले.

"काय?" आई म्हणाली. कोट अजून तिच्या मुठीत होता. "काय म्हणालीस?"

घंटा थांबली. मी ठोक्यांच्या मधली ती जागा येऊ दिली, आणि मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पेटीतल्या त्यांनाही:

"माझा गुडघा कधीच दुखला नव्हता, आई. सात वर्षांत एकदाही नाही. बुधवारी मला क्लच दाबता आला असता."